एक जानेवारीचा पाऊस

हिंजवडीत काम करणाऱ्या निम्म्या लोकांना आपण रोज मुळशी तालुक्यात जाऊन येतो हे माहीतच नसतं. आमच्या दृष्टीने मुळशी म्हणजे पावसाळ्यातला शनिवार, भूगाव-पिरंगुटचं ट्रॅफिक, पौडच्या पुढे भाजलेली कणसं आणि मग धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी.

गेल्या पावसाळ्यात असाच गेलो होतो. गाडी बाबा चालवत होते. एका वळणावर समोरून टेम्पो आला, घासला, आमचा आरसा गेला, त्याचा दिवा गेला. पाच मिनिटांत वीस माणसं. वीसही जणांचं एकमत, की काकांना दिसलं नाही. बाबांचं वय चौसष्ट, केस पांढरे, निकाल लागला! वाईट म्हणजे बाबाच म्हणाले, "माझंच चुकलं असेल." टेम्पोवाल्याला दोन हजार दिले आणि परतीला मला म्हणाले, आता तूच चालव. त्यानंतर त्यांनी किल्लीला हात लावला नाही.

घरी येऊन डॅशकॅमचं कार्ड काढून पाहिलं. बाबा पूर्णपणे आपल्या बाजूला होते, टेम्पो मधली रेघ ओलांडून आलेला. मी जाम खूश. चार दिवसांनी टेम्पोच्या मालकाने उलट आमच्याविरुद्ध अर्ज दिला, तेव्हा तर मी लॅपटॉप घेऊन ऐटीत चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी क्लिप नीट पाहिली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. तारीख होती १ जानेवारी २०१९.

झालं होतं असं की कॅमेऱ्यातली छोटी बॅटरी उन्हाने मेली होती, त्यामुळे गाडी बंद केली की घड्याळ शून्यावर. (घेताना कपॅसिटरवाला मॉडेल घ्या, आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते. मी दीड हजार वाचवले होते.) रेझोल्यूशन, रात्रीची नंबरप्लेट, किती अंशाची लेन्स यावर मी तीन रविवार घालवले होते. घड्याळाचा विचार एक मिनिटसुद्धा केला नव्हता.

आता थोडा इतिहास. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर केबल कारच्या पुढे कॅमेरा लावून माइल्स बंधूंनी काढलेला एक मूकपट आहे. घोडागाड्या, मोटारी, मध्येच पळणारी पोरं, सगळं समोरच्या काचेतून पाहिल्यासारखं. माझ्या मते डॅशकॅमचा खापरपणजोबा तोच. बरीच वर्षं तो १९०५ सालचा समजला जायचा. मग डेव्हिड कीन या अभ्यासकाने रस्त्यावरची पाण्याची डबकी पाहिली, पावसाच्या नोंदी काढल्या, एका मोटारीच्या नंबरप्लेटची नोंदणी कधीची ते शोधलं आणि दाखवून दिलं की चित्रण १९०६चं आहे, १८ एप्रिलच्या भूकंपाने ते शहर उद्ध्वस्त होण्याच्या जेमतेम काही दिवस आधीचं. तारीख बदलली आणि तीच फिल्म वेगळी झाली. आता त्यातली पळणारी पोरं पाहवत नाहीत.

पुढे अमेरिकन पोलिसांच्या गाड्यांत कॅमेरे आले. १९९१ साली टेक्सासमध्ये डॅरेल लन्सफोर्ड या कॉन्स्टेबलचा खून त्याच्याच गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपला. २०१३ च्या फेब्रुवारीत चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली ती आपण सगळ्यांनी रशियन डॅशकॅमांतूनच पाहिली. हे सगळं तुम्हाला माहीत असेल, म्हणून भराभर सांगतोय.

आपल्याकडचा खरा किस्सा मात्र गाडीतला नाहीच, जालन्याचा आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक, अर्ज भरायची शेवटची तारीख २७ सप्टेंबर, वेळ दुपारी तीनपर्यंत. शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यापुढे २९६ मतांनी निवडून आले. गोरंट्याल कोर्टात गेले: अर्ज तीननंतर आला. पुरावा? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. म्हणजे सगळा प्रश्न घड्याळाचा!

आणि गंमत बघा, त्याच्या नऊच दिवस आधी, १८ सप्टेंबरला, सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलं होतं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवंच. गोरंट्याल यांनी वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये तरीही चित्रण ग्राह्य धरून निवडणूक रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जुलै २०२० चा निकाल असा: प्रमाणपत्र सक्तीचं, पण सगळे प्रयत्न करूनही मिळत नसेल तर कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. शिवाय मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही. तोवर २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती, हा भाग वेगळा.

१ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्यात हे कलम ६३ झालंय आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात चक्क फाइलची हॅश व्हॅल्यू भरायची आहे. शा-२५६ कायद्याच्या पुस्तकात बघून मला उगाच नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं :-)

तर अपघात झाला की पहिली गोष्ट, मेमरी कार्ड काढून ठेवायचं. लूप रेकॉर्डिंगमध्ये जुन्या फाइलवर नवी चढते, धक्क्याने लॉक झालेली क्लिपही कायम टिकेलच असं नाही. कॉपी कामाला वापरा, कार्डाला हात लावू नका.

माझ्या क्लिपचं काय? कीन यांचा मार्ग धरला. कणसांच्या टपरीवर थांबल्यावर इंजिन चालूच ठेवलं होतं, म्हणजे घड्याळ मध्ये कुठे शून्यावर गेलं नव्हतं. त्याच रेकॉर्डिंगमध्ये कणीसवाल्या मावशी मोबाईल बघून "आले पैसे" म्हणताना ऐकू येतात. यूपीआयच्या पावतीवर वेळ सेकंदापर्यंत. दोन्हींतला फरक काढला, तोच पुढे अपघातापर्यंत लावला. हापिसात दोन सर्व्हरचे लॉग जुळवतो तसंच. टेम्पो आमच्या बाजूला आला तेव्हा दुपारचे १२ वाजून ४१ मिनिटं झाली होती. कागदावर मांडून दिलं. साहेब हसले, म्हणाले, "जानेवारीत मुळशीत एवढा पाऊस नसतोच म्हणा." मालकाने अर्ज मागे घेतला. दोन हजार काही परत आले नाहीत.

त्या वळणावरून धरणाचं पाणी दिसतं. त्याखाली गेलेल्या गावांसाठी १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. कॅमेरे नव्हते, वि. म. भुस्कुट्यांसारख्या सत्याग्रहींनी लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला त्यांची बाजू कळते. बाबांनी हे मला लहानपणी दहा वेळा सांगितलंय, त्याच रस्त्यावर, गाडी चालवता चालवता.

ती क्लिप बाबांनी चार वेळा पाहिली. बोलले काहीच नाहीत. परवा रविवारी खाली गेलो तर ते चालकाच्या सीटवर बसलेले, मनगटावरचं घड्याळ कॅमेऱ्याशेजारी धरून. म्हणाले, "दोन मिनिटं पुढे आहे हा. नीट कर, मग निघू."