जुळणी

‘जुळणी’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो सोलापुरातल्या एका छापखान्यात. १९९१ साली बी.ए. झालो आणि दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून तिथं मुद्रितं तपासायला बसू लागलो. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल, वर्षाकाठी एखादा कवितासंग्रह. केससमोर उभा राहून जुळारी एकेक खिळा उचलायचा आणि स्टिकमध्ये लावायचा. मराठीची केस मोठी. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो तऱ्हेचे खिळे, पण त्याचा हात न बघता नेमक्या खणात जायचा. या कामाला अक्षरजुळणी म्हणत. पुस्तकाच्या आतल्या पानावर तो शब्द आजही छापतात. फक्त त्याच्यापुढं आता संगणक चालवणाऱ्याचं नाव असतं.

सात वर्षांनी, १९९८ च्या दिवाळीनंतर, हाच शब्द दुसऱ्या अर्थानं माझ्या घरात आला. मी एक संगणक जुळवून घेतला. ‘विकत आणला’ असं म्हणत नाही, कारण तसा संगणक कुठल्याही दुकानात तयार नव्हता. मला मराठी कवितेची पुस्तकं लावायची होती आणि माझ्या मामूंना उर्दू लिहायचं होतं. या दोन कामांपुरतं यंत्र, आमच्या खिशाला परवडेल असं, सुटे भाग आणून उभं करायचं होतं. अशी सोय जगात आली कुठून, आणि तिनं आपल्या अक्षरांचं काय केलं, ते आज थोडं सांगतो.

गोष्ट घाईतून सुरू झाली. आयबीएम ही मोठमोठे संगणक करणारी अमेरिकन कंपनी. आपल्या यंत्रातला खिळामोळाही स्वतःच घडवायची तिची रीत. पण घरगुती संगणकांचा बाजार दुसऱ्याच कंपन्या मारून नेऊ लागल्या, तेव्हा फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी एक लहानशी तुकडी बसवून तिला जेमतेम वर्षभराची मुदत दिली गेली. सगळं घरी घडवायला वेळच नव्हता. मेंदू इंटेलचा घेतला, चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टची, बाकीचंही बरंचसं बाजारात मिळेल ते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी ते यंत्र जाहीर झालं. त्याच्या मुख्य पाटीवर पाच मोकळ्या खाचा होत्या. कुणीही आपलं कार्ड बनवावं आणि त्यांत खोवावं. शिवाय कंपनीनं यंत्राचे सगळे नकाशे एका पुस्तकात छापून विकायला ठेवले.

राखून ठेवलं ते एकच, बायोस. वीज सुरू झाल्याबरोबर यंत्राला जागं करणारा छोटासा लेख. तोही पुस्तकात छापलेला होता, पण त्यावर कॉपीराइट होता. ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीनं त्यातून वाट काढली. एका गटानं मूळ लेख वाचून तो काय काय करतो एवढंच लिहून काढलं. मूळ लेख ज्यांनी डोळ्यांनीही पाहिला नव्हता अशा दुसऱ्या गटानं त्या वर्णनावरून नवा लेख लिहिला. गझल लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. जमीन तीच, शेर आपला. १९८४ पासून फिनिक्स नावाच्या कंपनीनं असाच कायदेशीर बायोस कुणालाही विकायला सुरुवात केली आणि दारच उघडलं. तैवानच्या कारखान्यांतून पाट्या निघू लागल्या. जे यंत्र एका कंपनीचं होतं ते बाजाराचं झालं.

या खाचा आपल्या दृष्टीनं फार मोलाच्या ठरल्या. त्या यंत्राला येत होती रोमन लिपी. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं आणि पुढं पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकनं ते वाढवलं. त्यातून ‘जिस्ट’ नावाचं कार्ड आलं. ते खाचेत बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. एका अमेरिकन कंपनीनं घाईत उघड्या ठेवलेल्या खाचेतून मराठी आत शिरली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

पुस्तकं लावायची कला मात्र दुसऱ्या दारानं आली. १९८५ साली ॲपलचा लेझर प्रिंटर आणि आल्डस कंपनीचं पेजमेकर, या जोडीनं टेबलावर छापखाना मांडला. आल्डस हे नाव व्हेनिसच्या एका जुन्या मुद्रकाचं, आल्डस मनुशियसचं. दोन वर्षांत पेजमेकर आयबीएमच्या वळणाच्या यंत्रांवरही चालू लागलं. आपल्याकडं नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली ‘येथे डीटीपी करून मिळेल’ अशा पाट्या लागल्या त्या या यंत्रांच्या भरवशावर. ॲपलचं यंत्र देखणं, पण झाकलेलं आणि महाग. सोलापूरच्या छापखानेवाल्यानं त्याचं नाव घेतलं नाही.

जुळवून घ्यायची ही खोड मुंबईला काही नवी नव्हती. गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहिला, घरी येऊन स्वतःच्या हातानं लाकडी यंत्र केलं, शाईही स्वतःच बनवली आणि १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढलं. पुढं टाइपही स्वतःच पाडले. त्यांना ना यंत्र आयतं मिळालं, ना अक्षर.

माझा बाजार होता लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडून गेला नाही तो नाहीच. ग्रँट रोड स्टेशनातून उतरलं की पाच मिनिटांवर. नाझ सिनेमाच्या इमारतीत चित्रपट वितरकांची ऑफिसं, मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चाललेला, आणि त्यांच्याच पायाशी रेडिओचे व्हॉल्व, ट्रान्झिस्टर, वायरी विकणारी दुकानं. संगणकाचे भाग आले ते याच दुकानांत. बाजाराला सुट्या भागांचा अभ्यास आधीपासून होता. १९८४ च्या संगणक धोरणानं आयात सैल केली, १९९१ नंतर आणखी, आणि १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा माहिती तंत्रज्ञान करार भारतानं मान्य केल्यावर जकात टप्प्याटप्प्यानं उतरत गेली.

माझ्याबरोबर मामू आले होते. मामू कातिब. पंचवीस वर्षं मुंबईत उर्दू वर्तमानपत्राची पानं त्यांनी हातानं लिहिली. बोरूचं कलम, पिवळा लेप दिलेला कागद, गुडघ्यावर पाटी. नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते, प्रत्येक अक्षर शेजारच्याला बघून रूप बदलतं, म्हणून खिळ्यांच्या छपाईत ती कधी नीट बसलीच नाही. त्यामुळं कातिबांची नोकरी विसाव्या शतकातही टिकली. मग कराचीच्या अहमद मिर्झा जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर सुमारे वीस हजार जोडाकृती लिहून काढल्या. १९८१ मध्ये लाहोरला ‘जंग’ दैनिक त्या नूरी नस्तालीकमध्ये निघालं. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीनं इनपेज आणलं आणि ती अक्षरं साध्या संगणकावर आली. मामू दोन वर्षांत घरी बसले. दुकानात काउंटरवर उघडा बोर्ड पडला होता. त्याच्याकडं बोट करून ते मला म्हणाले, “मेरा कलम खाया सो येइच क्या?”

दुकानदारानं मात्र पहिला प्रश्न विचारला तो असा: “काम क्या करोगे इसपे?” तयार संगणकाच्या शोरूममध्ये मला हे कुणी विचारलं नव्हतं. तिथं मला फक्त किंमत सांगितली होती. इथं शिंप्यासारखं माप घेतलं गेलं. मराठी आणि उर्दू, दोन्ही लावायचं, म्हटल्यावर त्यानं साउंड कार्ड काढून टाकलं. तेवढ्या पैशात स्मृती बत्तीसऐवजी चौसष्ट एमबी केली. प्रोसेसर सेलेरॉन ३०० चा. डिस्क ४.३ जीबी. पडद्यासाठी मात्र मामू अडून बसले. त्यांनी दोन-तीन पडद्यांवर एकच अक्षर लावून पाहायला लावलं आणि ज्यात ‘जीम’चं पोट गोल दिसलं तोच घ्यायला लावला. बावीसशे रुपये जास्त गेले. सगळं मिळून सदतीस हजार, त्यातले वीस मामूंच्या फंडाचे.

दुकानातल्या पोरानं अर्ध्या तासात यंत्र उभं केलं. मामू त्याच्या बोटांकडं बघत राहिले. शेवटचा स्क्रू फिरवल्यावर त्याला म्हणाले, हाथ अच्छा है.

घरी आल्यावर महिन्याभरात मामू इनपेज शिकले. सोलापुरातल्या शादीचे रुक्के लावू लागले. आणि संध्याकाळी आम्ही एक काम हाती घेतलं. मामू कातिबांच्या आठवणी सांगायचे आणि मी त्या मराठीत लिहून थेट संगणकावर लावायचो. कुणी एका रात्रीत किती पानं लिहिली, दंगलीत छापखाना बंद असताना पान कुठं लिहिलं, कुणाची नजर कशी गेली. दोन पावसाळे हे चाललं. त्रेसष्ट पानं झाली. २००४ मध्ये मामू गेले. मी फाइल बंद केली आणि पुष्कळ वर्षं उघडली नाही.

आता त्या सोयीची दुसरी बाजू. पाटी खुली होती, खाचा खुल्या होत्या, पण अक्षर बंद होतं. त्या काळच्या फाँटमध्ये दोनशे छप्पन्न खण असत, आणि प्रत्येक कंपनीनं काना-मात्रा आपापल्या मर्जीनं त्यांत टाकल्या. एका छापखान्याचा जुळारी दुसऱ्याच्या केससमोर चाचपडतो, तसं एकाची फाइल दुसऱ्याकडं उघडली की टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांचा पाचोळा दिसायचा. सरकारी प्रमाण संकेत १९९१ मध्ये ठरला होता. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण छपाईच्या धंद्यात त्याला पुष्कळ वर्षं कुणी विचारलं नाही. त्यावर आणखी ‘लॉक’. काडेपेटीएवढा डबा, संगणकाच्या मागं पंचवीस सुयांच्या तोंडात खुपसायचा. तो असेल तरच मराठी चालणार. चोरी होत होती, हे खरं. आमच्यातलेच अर्धे लोक चोरीच्या सीडीवर जगत होते, मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. पण हे मराठीचं पॅकेज मी पैसे मोजून घेतलं होतं, आणि अडकलो तो त्यातच. ती कंपनी बंद पडली. यंत्रही २००९ मध्ये बंद पडलं.

२०२३ मध्ये माझ्या भाच्यानं स्वतःचा संगणक जुळवला. तो चित्रफिती संपादित करतो. बत्तीस जीबी स्मृती, ग्राफिक्सचं कार्ड विटेएवढं. त्याला मी म्हटलं, माझी एक फाइल काढून दे. त्यानं जुनी डिस्क जोडली. डिस्क शाबूत होती, फाइल दिसत होती, उघडत नव्हती. पॅकेज लॉक मागत होतं, लॉक पंचवीस सुयांचं तोंड मागत होतं, आणि नव्या पाट्यांना ते तोंड केव्हाच उरलेलं नाही. यूएसबीला लावायची वायर आणली, ती प्रिंटरपलीकडं काही ओळखेना.

मग भाच्यानं भंगारातून एक जुनी पाटी शोधली, पेंटियम ४ ची. माझ्या मूळ पाटीवरचे कपॅसिटर भज्यासारखे फुगले होते. पण पेटी तीच वापरली. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं कुठं तेही ठरलं, आणि कंपन्यांनी ते पाळलं. नंतरची पाटी जुन्या भोकांवर बरोबर बसली. वीज पुरवणारा डबा नवा. घड्याळाचा सेल नवा, तीन व्होल्टचा, बटणासारखा. विंडोज ९८ ला नवी पाटी ओळखायला अर्धा दिवस लागला. लॉक मागं लावलं. फाइल उघडली.

तिच्यातून मजकूर बाहेर काढला की पुन्हा तोच पाचोळा होत होता. शेवटी भाच्यानं मोबाइलवर पडद्याचेच फोटो काढले, त्रेसष्ट. त्यांवरून आता मी सगळं युनिकोडमध्ये पुन्हा लिहितो आहे.

लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या काही दिवसांची टिपणं माझ्या वहीत होती. वहीतलं वाक्य आणि पडद्यावरचं वाक्य जुळेना. वहीत ‘म्हातारा’, पडद्यावर ‘वयानं थकलेला’. वहीत ‘दिवा’, पडद्यावर ‘कंदील’. मग आठवलं. मामू शेजारी बसायचे आणि ओळीच्या शेवटी शब्दांमध्ये फट पडली की अस्वस्थ व्हायचे. कातिब अक्षर लांबवून ओळ भरतो, त्याला कशिश म्हणतात. मराठीला ती नाही, म्हणून ते मला दुसरा शब्द शोधायला लावायचे. त्यांना मराठी वाचता येत नव्हती. फक्त ओळ दिसत होती.

आता नव्या पानाची रुंदी वेगळी, ओळी वेगळ्या जागी तुटतात. कुठला शब्द ठेवायचा, ते दर ओळीला थांबून ठरवावं लागतं. एकतिसाव्या पानापर्यंत आलो आहे.