कॉलरचा माइक आणि 'व्हय महाराजा'

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत शिमग्याला देवळापुढे गाऱ्हाणं घालतात. मानकरी हात जोडून उभा राहतो आणि देवाला एकेक गोष्ट सांगत जातो. पाऊसपाणी वेळेवर होऊ दे, गुराढोरांना सांभाळ, पोटासाठी मुंबईला गेलेल्या लेकरांच्या पाठीशी उभा राहा. प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसं एका दमात म्हणतात, 'व्हय महाराजा!'

माझी आजी आता नालासोपाऱ्याला काकांकडे असते. गुडघ्यांमुळे तिचा प्रवास बंद झालाय. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे घरच्यांच्या मते फोन, टीव्ही, वायफाय, मिक्सर हे सगळं माझ्या खात्यात येतं. शिमग्याचं लाइव्ह दाखवायचं कामही आपोआप माझ्याकडेच आलं.

पहिल्या वर्षी मी नुसता फोन घेऊन उभा राहिलो. मानकरी तात्या वीस फुटांवर, ढोल माझ्या कानाशी. फोन आवाजाची पातळी आपणहून कमी-जास्त करत असतो. ढोलावर टिपरू पडलं की तो सगळंच दाबून टाकायचा, आणि तात्यांचे शब्द त्याखाली बुडायचे. आजीला फक्त ढोल ऐकू आला. दुसऱ्या वर्षी मी साडेसहाशे रुपयांचा बिनतारी कॉलर माइक घेतला. तात्यांचा शब्द न् शब्द स्वच्छ. मी खूश. रात्री आजीचा फोन आला.

"तात्याचा आवाज चांगला आला रे. पण देवळात कोणीच नव्हतं काय?"

साठ-सत्तर माणसं होती. मी रेकॉर्डिंग परत ऐकलं. तात्या मागतायत, मग शांतता. पुन्हा मागतायत, पुन्हा शांतता. माइकमधल्या 'नॉइज कॅन्सलेशन'ने अख्खी वाडी गोंगाट समजून पुसून टाकली होती. चिरेबंदी घरांना कुलपं लागत चाललेल्या गावातल्या म्हातारीला मी रिकामं देऊळ ऐकवलं होतं.

तिसऱ्या वर्षी मी माइक निवडायला बसलो तेव्हा रिव्ह्यू कमी आणि इतिहास जास्त वाचला. प्रश्न साधा होता. हे यंत्र मुळात कोणाचा आवाज पकडायला बनलं?

डेव्हिड ह्यूज या संशोधकाने 1878 मध्ये लंडनमध्ये कार्बनचा माइक दाखवला. एकमेकांना सैल टेकलेल्या वाहक तुकड्यांतून वीज जात असते. आवाजाने ते हलले की प्रवाह कमी-जास्त होतो. एवढीच युक्ती. त्याने पेटंटही घेतलं नाही. एडिसन आणि बर्लिनर त्याच सुमाराला त्याच मागे होते, आणि त्यातून टेलिफोन वापरण्याजोगा झाला. टेलिफोनमध्ये एक तोंड आणि एक कान. तिसऱ्याची गरजच नाही.

गाण्याचं रेकॉर्डिंग मात्र बराच काळ विजेशिवाय चालू होतं. फ्रेड गायसबर्गने नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं ते भल्यामोठ्या कर्ण्यातून. गायकाने कर्ण्यात तोंड घालायचं, वरचा सूर आला की मागे सरकायचं, खालच्या सुराला पुढे. माणूस यंत्राच्या मर्जीने हलायचा. याच काळात आपली संगीत रंगभूमी कशावाचून चालली होती ते बघा. 8 जुलै 1921 ला मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. एका बाजूला बालगंधर्व, दुसऱ्या बाजूला केशवराव भोसले, आणि माइक कोणाच्याच पुढे नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणं हा गळ्याचा प्रश्न होता. आमच्या तात्यांचा गळा त्याच जातीचा. त्यांना माइकची गरज नाहीच. गरज नालासोपाऱ्याला आहे.

वेंटेने 1916 मध्ये कंडेन्सर माइक बनवला आणि विजेवरचं रेकॉर्डिंग 1925 पासून रुळलं. मुंबईचं रेडिओ केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं. घाट ओलांडला की राजापूरला जवळ असलेल्या कोल्हापुरात प्रभातने 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलका केला. सुरुवातीच्या बोलपटांत गाणं आणि संवाद शूटिंगच्या वेळीच ध्वनिमुद्रित व्हायचे. माइक सेटवर लपवायचा आणि नटाने त्याच्या आसपासच राहायचं. म्हणजे अजूनही माणूसच यंत्राकडे जात होता.

उलटं कधी झालं? टीव्ही आल्यावर. निवेदकाला हात मोकळे हवे होते, चालायचं होतं. मग 1950 च्या दशकात दोरीने गळ्यात अडकवायचे माइक निघाले. त्यांना नाव पडलं लॅव्हेलियर, गळ्यातल्या तशाच एका लोंबत्या दागिन्यावरून. त्या दागिन्याचं नाव फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या प्रेयसीवरून, लुईझ द ला व्हालिएरवरून. (इथे मी उगाच खूश झालो. लुईझ राजाच्या आयुष्यात आली ते साल 1661. त्याच साली मार्चमध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर छापा घालून इंग्रजांची वखार ताब्यात घेतली, कारण आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली होती. दोन्हींचा संबंध काही नाही. पण माझ्या माइकच्या नावाला आणि माझ्या गावाला एक साल सामाईक आहे.)

गळ्यातलं ते लोढणं शर्टाच्या बटणाएवढं झालं ते 1962 च्या एका शोधामुळे. बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी टेफ्लॉनच्या पातळ पडद्यात विद्युतभार कायमचा कोंडून ठेवला. जुन्या कंडेन्सर माइकला त्या भारासाठी बाहेरून मोठा व्होल्टेज लागायचा. या इलेक्ट्रेट माइकला दोन-तीन व्होल्ट पुरतात, आणि तो स्वस्तात बनतो. आज बहुतेक कॉलर माइक याच घराण्यातले.

बाकीचा इतिहास तुम्ही आम्ही जगलोच आहोत. 2016 मध्ये आयफोन 7 मधून हेडफोनचं भोक गेलं, मग एकेक करत बहुतेक फोनमधून गेलं, आणि वायरवाल्या माइकला जोडणी शोधायची वेळ आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि वाड्यावाड्यांतून लाइव्ह सुरू झालं. 2019 मध्ये रोड कंपनीने 'वायरलेस गो' काढला. माइक आणि ट्रान्समीटर एकाच डबीत, वजन 31 ग्रॅम, थेट शर्टाला चिमटा. बाजारातल्या हजार स्वस्त डब्या त्याच वाटेने गेल्या.

कॉलर माइक काय करतो तर फक्त अंतर कमी करतो. माझा फोन तात्यांपासून वीस फूट होता, म्हणजे सुमारे 27 विती. माइक हनुवटीखाली एक वीत. मोकळ्यावर आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, त्यामुळे तात्यांचा आवाज त्या माइकला सातशे पटींहून जास्त तीव्र मिळतो. एवढा फायदा नुसत्या जागेने होतो. त्यापुढे सॉफ्टवेअरने वाडी पुसायची काही गरजच नव्हती. नॉइज कॅन्सलेशनला एकच शिकवलेलं असतं, की एका माणसाचं बोलणं म्हणजे आवाज आणि बाकी सगळा गोंगाट. रस्त्यावर उभं राहून व्हिडिओ करणाऱ्याला ते बरोबर आहे. गाऱ्हाण्यात उरलेली साठ माणसं गोंगाट नसतात. असला कोड लिहिणारे माझ्यासारखेच कोणीतरी असणार, आणि त्यांच्या डोक्यात ऑफिसची मीटिंग असणार.

म्हणून यंदा माइक घेताना मी पहिली अट हीच ठेवली की नॉइज कॅन्सलेशन पूर्ण बंद करता आलं पाहिजे. काही स्वस्त माइकमध्ये बंद करायचं बटणच नसतं. दुसरी अट, माइक सगळ्या दिशांनी ऐकणारा हवा. एकाच दिशेचे कॉलर माइकही मिळतात, पण तात्या मान देवाकडून लोकांकडे वळवतात तेव्हा त्यांचा आवाज त्यातून निसटतो, आणि कपडा घासल्याची खरखरही जास्त येते. तिसरं, रिसीव्हर माझ्या फोनच्या यूएसबी-सीला थेट बसणारा. ब्लूटूथचा माइक नकोच. फोनवर बोलण्यासाठी बनलेल्या त्या वाटेने आवाज पिचका येतो.

रेंजच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवला नाही. हे माइक बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. वायफायही तिथेच, आणि माणसाच्या अंगातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असलं तरी मध्ये पन्नास माणसं आणि नाचणारी पालखी आली की पंधरा फुटांवरही आवाज तुटतो. खरा विचार वायरचाच होता. वायर तुटक होत नाही, चार्जही करावी लागत नाही. पण तात्यांना फोनशी बांधून ठेवलं तर आपण पुन्हा कर्ण्याच्या काळात गेलो.

शिमग्याच्या दिवशी माइक तात्यांच्या सदऱ्याच्या पट्टीवर लावला. आधी उपरण्याला लावला होता, ते सारखं घासत होतं. वाऱ्यासाठी केसाळ टोपी चढवली. "हे उंदराचं पिल्लू कशाला?" तात्यांनी विचारलं. "आजीला ऐकायचंय," म्हटल्यावर गप्प झाले. मी फोन घेऊन बाजूच्या पारावर चढलो, म्हणजे माझ्या आणि माइकच्या मध्ये माणसं कमी. नेटवर्कची एक काडी होती, म्हणून चित्राचा दर्जा खाली आणला. चित्र फुटलं तरी चालेल, आवाज फुटता कामा नये.

गाऱ्हाणं सुरू झालं. मी कानात बोंडं घालून ऐकत होतो. तात्या जवळून, आणि त्यांच्या मागे, थोडी लांबून, सगळी वाडी. ढोल जरा जास्त येत होता, मी पातळी खाली घेतली. मुंबईकरांची पाळी आली. "जी लेकरं मुंबईला हत, म्हातारीकोतारी हत, त्यांका सुखी ठेव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

लाइव्ह मागे चालतं. वीसेक सेकंदांनी स्क्रीनवर कॉमेंट येऊ लागल्या. व्हय महाराजा, डोंबिवली. व्हय महाराजा, विरार. तात्या तोवर गुराढोरांवर पोचले होते. काकांच्या अकाउंटवरून एक आली, स्पेलिंग चुकलेलं, आणि पाठोपाठ काकांचाच मेसेज: आजीने स्वतः टाइप केलंय, दुरुस्त करू देत नाही.