रविवार कुणी दिला?

गेली बारा वर्षं मी कपड्यांच्या कारखान्यांची तपासणी करते. परदेशात माल जायचा असेल, तर तिथल्या कंपन्यांची आचारसंहिता इथल्या कारखान्यानं पाळावी लागते. ती पाळली जाते का, हे हजेरीपुस्तक, ओव्हरटाइमचा हिशेब आणि जिन्यांची कुलपं पाहून मी ठरवते. माझ्या यादीत एक प्रश्न असतो : आठवड्याची सुट्टी मिळते का?

एका मालकांनी अभिमानानं सांगितलं, "मॅडम, आम्ही रविवार देतो." तो 'देतो' मला फार लागला.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या मागाचा धोटा आईनं अजून जपलाय. दोन्ही टोकांना लोखंड, मधलं लाकूड हात लागून लागून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. रविवार कुणी दिला, हे मला त्या घरात कळलं.

1881 चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही आणि बारा वर्षांपर्यंतच्याला नऊ तासच राबवायचं, हा त्याचा गाभा. त्यासाठी इंग्लंडातून जोर लागला, त्यात दयेइतकीच मुंबईच्या स्वस्त कापडाची लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना वाटणारी धास्ती होती. मोठ्या माणसांच्या कामाला मात्र कसलीच मर्यादा नव्हती. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गिरणी चाले. कधी सुट्टी मिळालीच, तर अर्धा दिवस यंत्रं पुसण्यात जाई.

सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरली. ती बोलावली होती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते सत्यशोधक होते, 'दीनबंधु'चे संपादक होते आणि त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी कमिशनकडे गेलं. मागण्या अशा : रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि जन्माचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय. माझी आजची छापील यादी याहून फार निराळी नाही.

24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांनी मांडलं होतं. 10 जून 1890 ला मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली आणि 1891 च्या कायद्यानं साप्ताहिक सुट्टीवर शिक्का मारला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा साप्ताहिक विश्रांतीचा करार 1921 चा, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांनी आलेला.

फेब्रुवारी 1897 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लोखंडे प्लेगनंच गेले.

'देतो'ची भाषा आजही आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं. त्यातून शाळा होतात, दवाखाने होतात, चांगलंच आहे. पण कामगाराची सुट्टी, पगार आणि सुरक्षितता त्या खात्यात मांडता येत नाही. ते दान नव्हे, देणं आहे. म्हणून कुठल्याही कंपनीचा गुळगुळीत अहवाल हाती आला, की आधी एवढंच विचारा : हे लिहिताना कामगाराला कुणी विचारलं होतं का?