खुर्ची कुणाची, सही कुणाची?

परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मुंबईची महापौर बाई झाली, तर शहराचा सगळा कारभार तिच्याच हाती ना?" आम्हालाही तसंच वाटायचं. म्हणून आम्ही जुना इतिहास वाचून काढला. तो आज सांगतो.

१८६५ साली आर्थर क्रॉफर्ड नावाचे इंग्रज अधिकारी मुंबईचे आयुक्त झाले. कारभार त्यांच्या एकट्याच्या हाती. त्यांनी शहराची साफसफाई केली, गटारांची कामं काढली, आजही त्यांच्या नावाने ओळखली जाणारी मोठी मंडई बांधली. कामं झाली, पण कर्जही चढलं. हिशेब विचारणारं खंबीर कुणी नव्हतं. १८७१ मध्ये कर भरणारे लोक चिडून उठले.

तेव्हा फिरोजशहा मेहता या तरुण वकिलाने वेगळी बाजू मांडली. काम करणारा एकच असू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्यांची नजर हवी, असं त्यांचं म्हणणं. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका झाली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. पुढे १८८८ चा कायदा आला. मुंबईचा कारभार अजून त्याच कायद्यावर चालतो.

१९३१ पासून महापालिकेच्या अध्यक्षांना महापौर म्हणू लागले. १९५६ मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. मान मोठा, पण महापौरांचं मुख्य काम सभा चालवणं. ठराव सभा करते, अंमल आयुक्त करतात, आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमतं. १९९८ मध्ये मुंबईत महापौर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मंत्रिमंडळासारखे अधिकार देऊन पाहिले. वर्षभरात तो प्रयोग गुंडाळला.

२०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. म्हणजे आपल्याला खुर्ची मिळाली. पण शहरात तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे. त्या मानाने गावात बरं आहे. सरपंचबाई आणि ग्रामपंचायत अधिकारी, दोघांच्या सह्यांशिवाय ग्रामनिधीतला पैसा निघत नाही.

आम्हाला वाटतं, मत मागायला जो दारात येतो, काम करायचा अधिकारही त्याच्याकडे हवा. पण क्रॉफर्डसाहेबांची गोष्ट विसरायची नाही. एकट्याच्या हाती सगळं दिलं, तर हिशेब विचारणारेही तितकेच जागे हवेत. आपल्या गटात नाही का, अध्यक्ष कितीही भली असली तरी बँकेत दुसरी सही लागते आणि दर महिन्याला हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो!

आणि मैत्रिणींनो, सरपंचबाई घरात बसून कोऱ्या चेकवर सही करत असेल, तर कायद्याने दिलेला अधिकारही वाया जातो. पुढच्या ग्रामसभेला आपण सगळ्या जाऊ. तिच्या शेजारी बसू, आणि जमाखर्च तिलाच मोठ्याने वाचायला सांगू.