छाती न उघडता

जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, असे 1929 पर्यंत बहुतेक वैद्यांना वाटत असे. त्या वर्षी जर्मनीतील एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण शल्यवैद्याने वरिष्ठांची मनाई मोडली. स्वतःच्याच कोपराजवळील शिरेतून त्याने एक लवचीक नळी आत सरकवली, तशाच अवस्थेत तो क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला आणि नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कर्णिकेत पोचल्याचे छायाचित्र त्याने घेतले. त्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा उपेक्षाच अधिक आली. पुढे न्यूयॉर्कच्या कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी नळीने हृदयातील दाब मोजून दाखविले, तेव्हा 1956 साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक लाभले.

तोवर ही नळी केवळ हेर होती. ती रोगाची बातमी आणी. रोग हटविणे तिला ठाऊक नव्हते. हृदयाच्या दोन कर्णिकांमधील पडद्यात जन्मतः छिद्र असलेल्या रोग्यांचेच पाहावे. डावीकडचे रक्त उजवीकडे वाहते आणि फुप्फुसांवर वाजवीपेक्षा अधिक भार पडतो. तरीही बालपण बहुधा निर्वेध जाते. तिशी-चाळिशीत जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, आणि मग दोष उघडकीस येतो. 1953 साली फिलाडेल्फियात गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने असे छिद्र शिवले खरे. परंतु त्यासाठी छाती उघडावी लागली.

नळीला हेराची वैद्य केली ती पुढच्या पिढीने. 1967 साली पूर्व बर्लिनच्या पोर्स्टमान यांनी जन्मानंतरही उघडी राहिलेली हृदयाजवळील रक्तवाहिनी नळीवाटे बुजविली. 1975 साली न्यू ऑर्लिन्स येथे किंग आणि मिल्स यांनी एका 17 वर्षांच्या मुलीच्या पडद्यातील छिद्र, दोन्ही बाजूंनी इवल्या छत्र्या बसवून बंद केले. पुढे कुर्ट अम्प्लाट्झ यांनी निकेल-टिटॅनियमच्या तारांची जाळीदार दुहेरी चकती सिद्ध केली. 2001 साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. मांडीच्या शिरेतून मिटलेली चकती हृदयात नेतात. एक पाकळी पडद्यापलीकडे, दुसरी अलीकडे उलगडते. काही महिन्यांत तिच्यावर शरीराचेच अस्तर चढते.

मात्र प्रत्येक छिद्राला ही चकती चालत नाही; ती धरून ठेवण्याइतकी कडा लागते. शिवाय वर्षानुवर्षांच्या भाराने फुप्फुसांतील दाब कायमचा चढला, तर छिद्र बुजविणेच घातक ठरते; कारण कोंडलेल्या रक्ताला तीच वाट उरलेली असते. म्हणून चाळिशीतील धाप केवळ वयाची मानून सोडून देऊ नये. वेळीच दोष कळला, तर ज्या हृदयासाठी एके काळी छाती उघडावी लागे, ते दुरुस्त करून घेऊन रोगी बहुधा एक-दोन दिवसांत आपल्या पायांनी घरी जातो.