मे महिन्यातला हिवाळा

दोन वर्षांपूर्वी, लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यातच कौन्सिलचं पत्र आलं. अलॉटमेंटसाठी लावलेला माझा नंबर अखेर लागला होता! आपल्याकडे थंडी म्हणजे मंडईची चंगळ. मटार, पावटे, ओला हरभरा, लालबुंद गाजरं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी. तेव्हा थंडीच्या तोंडावर जमीन मिळाली, हा शुभशकुनच समजून मी इंडियन दुकानातली मेथी आणि मटार मातीत टाकले. मेथी उगवली खरी, पण पहिल्याच हिमात आडवी झाली.

शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा हे सगळं बघत होते. वय नव्वदीच्या जवळ. म्हणाले, "हिवाळ्याची लावणी मे महिन्यात करायची असते!" मग त्यांनी शेडमध्ये नेऊन भिंतीवरचा एक पिवळा पडलेला तक्ता दाखवला. युद्धकाळात त्यांच्या वडिलांनी तो लावला होता. 'डिग फॉर व्हिक्टरी' मोहिमेतला.

त्या तक्त्यामागे मोठा इतिहास आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनचं निम्म्याहून जास्त अन्न जहाजांतून येत होतं, आणि जर्मन पाणबुड्या त्या जहाजांच्या मागावर होत्या. ऑक्टोबर १९३९ मध्ये कृषिमंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून पाच लाख नव्या अलॉटमेंट्सचं आवाहन केलं. एवढ्या जमिनीवर दहा लाख मोठ्या माणसांना आणि पंधरा लाख मुलांना वर्षातले आठ महिने बटाटे आणि भाज्या पुरतील, असा त्यांचा हिशेब होता.

लोक कामाला लागले. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातसुद्धा भाज्या उभ्या राहिल्या. १९३९ मध्ये आठ लाखांच्या आसपास असलेल्या अलॉटमेंट्स १९४३ पर्यंत चौदा लाखांच्या घरात गेल्या. रविवारी दुपारी बीबीसीवर सी. एच. मिडलटन यांचं बागकामावरचं बोलणं घरोघरी ऐकलं जाई.

पण आठ महिन्यांचं ठीक, उरलेल्या चार महिन्यांचं काय? खरी अडचण तिथेच होती. हौशी माणूस वसंतात उत्साहाने पेरतो. मग जून-जुलैत लेट्यूस आणि शेंगांचा नुसता ढीग, आणि जानेवारीत वाफे रिकामे! त्यात १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि ब्रिटनीहून, चॅनल बेटांवरून येणारा कांदा बंद झाला. त्या हिवाळ्यात कांदा इतका दुर्मीळ झाला, की तो लॉटरीत बक्षीस म्हणून ठेवला जाऊ लागला. कांद्याशिवाय ज्यांची फोडणी पूर्ण होत नाही, अशा आपल्याला हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून सरकारी पत्रकांचा सगळा जोर हिवाळ्यावर आला. आजोबांच्या तक्त्यावरचा प्लॉट नव्वद फूट बाय तीस फूट, म्हणजे आपल्या मापात जवळजवळ अडीच गुंठे. त्याचे तीन भाग पाडायचे आणि दरवर्षी पिकं फिरवायची. पार्सनिप वसंताच्या सुरुवातीला पेरून थंडीभर जमिनीतच ठेवायचे. हिम पडलं की त्यातल्या पिठाची साखर होते आणि ते गोड लागतात. लीक मार्च-एप्रिलमध्ये पेरायचे, रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली की जुलैच्या सुमारास लावायची. ब्रसेल्स स्प्राऊट्सची रोपं मे-जूनमध्ये जमिनीत गेली पाहिजेत. केल आणि जांभळी ब्रोकोली त्यांच्या मागोमाग. ही ब्रोकोली हाताशी येते तेव्हा फेब्रुवारी-मार्च उजाडलेला असतो.

आमच्या धंद्यात याला प्रोजेक्ट प्लॅन म्हणतात! डिलिव्हरी फेब्रुवारीत हवी असेल तर काम मेमध्ये सुरू झालं पाहिजे. फरक एवढाच, की आमच्याकडे डेडलाईन चुकली तर क्लायंट ओरडतो. तिथे चुकली असती तर घरातल्या ताटात काही पडलं नसतं.

हे सगळं मी फोनवर आजीला कौतुकाने सांगितलं. ती १९४३ साली गिरगावात दहा वर्षांची होती. त्याच वर्षी मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं होतं. शांतपणे म्हणाली, "आम्हाला रांगेत का होईना, मिळत तरी होतं रे. बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मेली." मी गप्प झालो. १९४३ च्या त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या साथींत वीस ते तीस लाख माणसं गेली. 'अधिक धान्य पिकवा' अशी मोहीम १९४२ पासून हिंदुस्थानातही होती. पण ज्या साम्राज्याच्या राजधानीत फेब्रुवारीतल्या कोबीचा हिशेब आदल्या मेमध्ये होत होता, त्याच साम्राज्यात बंगालच्या भाताचा हिशेब कोणी वेळेवर केला नाही. तो तक्ता मला आजही आवडतो. पण त्याच्याकडे पाहिलं की आजीचं वाक्य आठवतंच.

गेल्या मेमध्ये मी तक्त्याप्रमाणे लागलो कामाला. जुलैत लीक लावले, आणि यंदा दिवाळीच्या फराळाबरोबर आमच्याकडे पीठ पेरून केलेली लीकची भाजी झाली. अगदी कांद्याच्या पातीसारखी! पहिली वाटी अर्थातच शेजारच्या आजोबांना.

तुमच्याकडे जमिनीचा तुकडा असेल आणि मे हुकला असेल, तरी निराश होऊ नका. भाऊबीज झाली की लसणाच्या पाकळ्या आणि ब्रॉड बीन्स लावा. दोन्ही थंडी सोसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात हाताशी येतात. बाकीच्यासाठी मात्र कॅलेंडरवर मे महिन्यात आत्ताच एक खूण करून ठेवा.

शुभ दीपावली!