जिथे रेघ थांबते

साल १८८८, बार्सिलोना. टेबलापाशी ३६ वर्षांचा सांतियागो रामोन इ काहाल सूक्ष्मदर्शकावर वाकलेला आहे. तो बाजूला सरकतो आणि तुम्ही डोळा लावता.

काचेवर पक्ष्याच्या लहान मेंदूचा काप आहे. पिवळट रंगावर मोजक्याच पेशी काळ्याभोर उठून दिसतात. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवून मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवून पेशी रंगवायची ही रीत इटलीच्या कामिल्लो गॉल्जीने १८७३ मध्ये प्रसिद्ध केली. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर नुसता काळा गिचमिडा दिसला असता.

तुम्ही फोकसचा स्क्रू फिरवता. एक तंतू वर येतो, दुसरा बुडतो, तिसरा कापाच्या कडेला तुटतो. हा कुणाचा, कुठे चालला? काही केल्या कळत नाही. अशाच गुंत्यात गॉल्जीला सलग जाळं दिसलं होतं, सगळे तंतू एकमेकांत मिसळलेले.

दुपारी काहाल कागद पुढे ओढतो. लहानपणी त्याला चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी वैद्यकाला घातलं. अनेक कापांत पाहिलेलं डोळ्यांत साठवून तो मुक्त हाताने काढू लागतो. आधी पसरट फांद्यांची भली मोठी पर्किंजे पेशी. मग शेजारच्या पेशीकडून आलेला तंतू: त्याची टोकं पर्किंजेच्या अंगाभोवती टोपलीसारखी विणली जातात, तिला टेकतात आणि संपतात. तिथे तो लेखणी उचलतो. जाळं नाही, प्रत्येक पेशी स्वतंत्र, हा त्याचा सगळा दावा त्या उचललेल्या लेखणीत आहे. असं चित्र कुठल्याही एका काचेवर सापडणार नाही. म्हणूनच ते काढावं लागलं, आणि काढल्यामुळेच इतरांना काचेत काय शोधायचं ते कळलं.

आता १८८९ चा ऑक्टोबर, बर्लिन. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांचं अधिवेशन भरलं आहे. स्पेनहून आलेल्या या माणसाकडे फारसं कुणी फिरकत नाही. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत तो एकेकाला आपल्या सूक्ष्मदर्शकापाशी बोलावतो. ७२ वर्षांचे शरीररचनाशास्त्रज्ञ आल्बर्ट कोलिकर येतात, वाकतात, बराच वेळ पाहत राहतात. जाळ्याच्या बाजूचा हा मोठा माणूस इथे मत बदलतो, आणि पुढे काहालचं लेखन वाचण्यासाठी स्पॅनिश शिकतो.

१९०६ मध्ये नोबेल काहाल आणि गॉल्जी दोघांना मिळून मिळालं. गॉल्जी स्टॉकहोमच्या व्यासपीठावरूनही जाळ्याचीच बाजू मांडत होता. दोन पेशींमधली फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली ती १९५० च्या दशकात. तोवर गॉल्जीला जाऊन पाव शतक उलटलं होतं, आणि काहालही १९३४ मध्येच गेला होता.